सणाची सुट्टी आणि घरातला पडदा



सणासुदीला दूरदर्शनसमोर बसणे हा कामगार चळवळीतल्या माणसाचा विषय कसा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मला तो माझाच वाटतो. पडदा पाहायला आधी सुट्टी लागते, आणि सुट्टी काही आभाळातून पडत नाही.

परदेशांत हे सणाचे पाहणे कुळाचारासारखे पाळतात. स्वीडनमध्ये २४ डिसेंबरला दुपारी तीनच्या सुमारास डोनाल्ड डक नावाच्या बदकाची जुनी व्यंगचित्रे लागतात, आणि साठाहून अधिक वर्षे घरोघरी माणसे त्या वेळेला जमतात. जर्मनीत ३१ डिसेंबरला १९६३ साली मुद्रित झालेले एक छोटे प्रहसन दाखवतात. नव्वदीची म्हातारी, तिचे चार मित्र केव्हाच वारलेले, आणि त्या चौघांच्या वाटचे पेले रिचवून झिंगलेला तिचा नोकर; एवढीच गोष्ट. भाषा इंग्रजी, पाहणारे जर्मन, आणि पुढचे वाक्य सगळ्यांना पाठ! हसू नका. आख्यान ठाऊक असूनही आपण कीर्तनाला बसतोच की.

आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण साऱ्या गल्लीने मिळून पाहण्याची खरी प्रथा पडली ती २५ जानेवारी १९८७ पासून. दर रविवारी सकाळी ‘रामायण’. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर गल्ली लोटायची. कुणी संचाला हार घाली, कुणी उदबत्ती लावी. पुढे ‘महाभारत’ आले, तेव्हाही तेच.

या मालिकेची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. १९८८ साली ‘रामायण’ राज्याभिषेकाशी संपणार असे दिसताच जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. वाल्मीकींना पूर्वज मानणारा हा समाज. वाल्मीकींच्या आश्रमातली लवकुशांची कथा वगळून रामायण पुरे कसे होते, हा त्यांचा सवाल होता. संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला आणि शेवटी पुढची कथा दाखवावी लागली. पगारासाठी झालेले संप मी पुष्कळ पाहिले. गोष्ट पुरी सांगा म्हणून झालेला संप हा एवढाच मला ठाऊक आहे.

आणि ज्या रविवारी आपण हे सारे पाहिले, तो रविवार तरी कुणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन धाडले. त्यातली पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधली सहा वर्षे काही फुकट गेली नाहीत.

आता आपल्या तालुक्याकडे वळतो. दिवाळीच्या आगेमागे इथल्या टोळ्या कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. दिवाळी अंक, दिवाळीचे कार्यक्रम, दिवाळीचे चित्रपट हे सारे घराघरांत चाललेले असते, तेव्हा पुष्कळ घरांत म्हातारीकोतारी माणसे तेवढी उरलेली असतात. चीनमध्ये १९८३ पासून वसंतोत्सवाच्या आदल्या रात्री सरकारी दूरदर्शनवर मोठा कार्यक्रम होतो. दूर शहरांत राबणारे कोट्यवधी मजूर त्या सणाला गावी परततात आणि घरच्यांबरोबर तो पाहतात. आमचा मजूर नेमका सणाला गाव सोडतो.

हल्ली कोपीत मोबाईल असतो, हे खरे. पण पहाटे फडात उतरलेल्या आणि रात्री गाडी भरून देणाऱ्या बाईने तो केव्हा पाहावा? रविवार तिला नाही. एक दिवस आजारी पडली तर ‘खाडा’ म्हणून तिच्या हिशेबातून पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे मी स्वागतच करतो. मात्र मजुरी अजून टनावर आहे. कोयता थांबला की पैसा थांबला. म्हणून पुढच्या कराराला बसताना दराच्या आधी आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत: आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, आणि खाड्याची कपात बंद.