आमची खाडी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या सभेंतील भाषण)



देवळाचा इतिहास सांगणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. म्हणून ज्या पाण्याच्या कांठीं आपली वस्ती वाढली, त्या वसईच्या खाडीविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचें मुख होय. राजमाचीच्या परिसरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण यांवरून सुमारें १२२ किलोमीटर वाहत ती येथें सागरास मिळते. ठाण्याजवळ एक फांटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे जातो, मुख्य प्रवाह घोडबंदरावरून पश्चिमेस येतो, आणि या दोन पाण्यांमुळेंच साष्टी हें बेट ठरलें. १८६४ सालीं लोहमार्ग या खाडीवरून मुंबईस पोंचला. तरी नायगांव व भाईंदर यांमधील पाणजू बेटावरील लोकांस होडीची सोबत सुटली नाहीं.

खाडीचें घड्याळ चंद्राच्या हातीं आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीस सुमारें तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आमचे कोळी बांधव सण रोमच्या पंचांगानें पाळीत आले, आणि डोल मात्र तिथीनें लावीत आले. यांत कोणास विसंगति वाटल्यास त्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं ईस्टरचा रविवारही पौर्णिमेवरूनच ठरतो!

आतां मासळीकडे वळूं. खाडींत जी मासळी सांपडते ती सगळी खाडीचीच, असा समज आहे. तो खरा नव्हे. कोळंबीची अंडीं समुद्रांत पडतात, परंतु तिचीं पिलें भरतीबरोबर आंत येऊन तिवरांच्या मुळांशीं वाढतात आणि मोठीं झालीं कीं परत जातात. चिंबोरीची मादी अंडीं सोडण्यास समुद्राकडे जाते. जिताड्याची तऱ्हा तर याहून नवलाची: तो मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यांत जन्मतो, लहानपणीं वर गोड्या पाण्यापर्यंत चढतो, प्रथम नर असतो आणि वय वाढल्यावर त्याची मादी होते. निवटी ओहोटीच्या वेळीं चिखलावर खुशाल उड्या मारीत फिरते, कारण ओल्या कातडींतूनही तिला श्वास घेतां येतो. बोय, शिंगाळा, वाम, कालवें यांचीं नांवें आपल्या माताभगिनींस आम्हांहून अधिक ठाऊक आहेत. शुक्रवारच्या स्वयंपाकाचा भार पिढ्यान्‌पिढ्या यांनींच उचलिला.

सारांश, समुद्रांत सांपडणाऱ्या कोळंबीचें बालपण या चिखलांत जातें. डोलकरास हें शाळेविना कळलें होतें. प्रवाहाच्या तोंडाशीं जाळें बांधून पाणी थांबण्याची वाट पाहणारा मनुष्य पाण्याचा स्वभाव जाणतोच. पाग टाकणारा, मिठागरांत उधाणाचें पाणी घेणारा आगरी, आणि बांध घालून खारें पाणी शेताबाहेर ठेवणारा शेतकरी, हे सर्व त्याच एका भरतीचे भागीदार.

मग आज खाडीचें दुखणें कोठें आहे? बरेंचसें वर आहे. अंबरनाथचें १०६० सालचें शिवालय जिच्या तीरीं उभें आहे, ती वालधुनी कारखान्यांचें व वस्त्यांचें सांडपाणी घेऊन कल्याणाजवळ उल्हासेंत शिरते. भातसेचें गोडें पाणी धरणांत अडवून मुंबईस जातें. मुंबईस तहान आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं, पण पावसाळा सरल्यावर खाडीस गोडें पाणी किती उरतें हेंही कोणी मोजावें. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं थांबविली आणि २०१८ सालीं ती बंदी कायम केली, हें चांगलें झालें. तथापि तिवर उभें असून त्याच्या श्वासमुळांवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर बसत असेल, तर पिलांनीं आसरा कोठें घ्यावा? त्या पिशव्या कल्याणच्याच असतात असें नाहीं. आपल्या बाजारांतूनही त्या ओढ्यावाटे येतात, आणि डोलींतून निघतात त्या कोळिणीस निवडाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट. जाळें सोडून नोकरीस गेलेल्या तरुणांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु खाडींतील खडक, खोल जागा, उथळ रेती यांस वडीलधाऱ्यांनीं ठेविलेलीं नांवें कोणत्याही नकाशांत नाहींत. तीं लिहून घेण्याकरितां आम्हीं एक वही केली आहे. सभा संपल्यावर ती दाराजवळच्या मेजावर राहील. ज्यांचे आजोबा अजून बोलते आहेत, त्यांनीं त्यांस हात धरून तेथवर आणावें.