काट्याला न दिसणारी भूक

बालरोग आणि आहारशास्त्रातले सहकारी, आणि मेळघाटातून पहाटेची एसटी पकडून आलेल्या अंगणवाडी सेविका व आशाताई,

स्वागत समितीच्या वतीने अमरावतीत आपलं मनःपूर्वक स्वागत. भुकेल्याला अन्न देणं हाच धर्म मानणाऱ्या गाडगेबाबांची समाधी याच गावात आहे. इथून परतवाडा ओलांडून घाट चढला की चिखलदरा आणि धारणी हे मेळघाटातले तालुके लागतात. कुपोषणावर बोलायला याहून योग्य जागा कोणती?

उमेदवारीतली माझी एक चूक सांगतो. दीड वर्षाचं मूल, गोबरे गाल, वजनही बरं भरलं. आई म्हणाली, "बाळसं धरलं जी." मीही मान डोलावली. सिस्टरने मात्र त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबून उचलले. खळगे तसेच राहिले. काट्यावर आम्ही अंगातलं पाणी मोजलं होतं!

या सुजेच्या आजाराला १९३५मध्ये सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानातल्या बोलीतलं नाव दिलं : क्वाशिओरकॉर. १९८०च्या दशकात मायकेल गोल्डन यांनी मांडलं, की या मुलांच्या पेशींना आतून गंज चढतो. जंतुसंसर्गात फ्री रॅडिकल्स वाढतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथिऑन, जस्त, सेलेनियम, ई जीवनसत्त्व यांची कोठारं रिकामी असतात. म्हणून मूल पांढरंफटक दिसलं तरी सुरुवातीला लोह द्यायचं नाही. मोकळं लोह या आगीत तेल ओततं. भूक परतू दे, वजन वाढू दे, मग लोह.

मग हा गंज रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंटची पुडी दिली की झालं? मलावीत दोन हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत हेच करून पाहिलं. २००५मध्ये निष्कर्ष आला : पुडीने आजार टळला नाही. तेव्हा गंज हे कारण की परिणाम, यावर परिषदेच्या या दोन दिवसांत खडाजंगी व्हावी, अशी माझी इच्छा आहे. तोवर भरल्या ताटाला पर्याय नाही, एवढं मी धरून चालतो.

आपल्या पिशवीत दंडघेर मोजायची पट्टी ठेवली आहे. ११.५ सेंटीमीटरच्या आत तिचा लाल रंग लागतो. सूज मात्र तिलाही कळत नाही. त्यासाठी अंगठा लागतो, तो आपण सोबत आणलाच आहे.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर तेही पोटात घाला.