श्पाटेनचे फावडे
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



घराण्यांच्या वारशाविषयी बोलताना आम्ही एका बिअर बनविणाऱ्या घराण्याचे उदाहरण घेत आहोत, याचा ज्येष्ठांनी राग मानू नये. बव्हेरियात बिअर ही भाकरीइतकीच घरगुती वस्तू समजली जाते. शिवाय आज आपल्याला पेल्यापेक्षा पेल्यावरच्या चिन्हाशी कर्तव्य आहे.

म्युनिकच्या श्पाटेन मद्यशाळेचे चिन्ह फावडे आहे. 'श्पाटेन' म्हणजे जर्मन भाषेत खणण्याचे फावडे. पण नाव काही त्यावरून पडलेले नाही. १६२२ पासून १७०४ पर्यंत मद्यशाळेचे मालक असलेल्या श्पाट कुटुंबाचे आडनाव तिला चिकटले. नावाच्या उच्चाराशी जुळणारी वस्तू ढालीवर रेखाटण्याची रीत युरोपात जुनी आहे. अशा कुलचिन्हांना जर्मन लोक 'बोलकी चिन्हे' म्हणतात. गंमत अशी की, या चिन्हातले फावडे मातीचे नाही, धान्याचे आहे. भिजविलेले जव जमिनीवर पसरून त्यांना मोड आणावयाचे, मुळ्या गुंतू नयेत व ढीग तापू नये म्हणून ते फावड्याने वरचेवर उलथावयाचे, आणि मग भट्टीवर वाळवावयाचे. आपल्या घरी नाचणीच्या सत्त्वासाठी मोड आणतात, त्याचेच हे थोरले भावंड.

१८०७ मध्ये गाब्रिएल झेडलमायर याने ही मद्यशाळा विकत घेतली. त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा १८३३ मध्ये व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेअरसह ब्रिटनमध्ये हिंडला. तेथील कारखान्यांतील रसाचे नमुने या जोडीने पोकळ काठीत भरून गुपचूप आणले आणि मुक्कामावर तपासले! याला अभ्यासदौरा म्हणावे की चोरी? सरकारी सेवेत आम्ही अभ्यासदौऱ्यांचे अहवाल पुष्कळ वाचले. इतका फलदायी दौरा मात्र वाचल्याचे स्मरत नाही. पुढे १८७३ च्या सुमारास कार्ल लिंडे यांच्या शीतयंत्राचे पहिले प्रयोग याच मद्यशाळेत झाले. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या पूर्वजांत त्या यंत्राची गणना करावी लागेल.

१८८४ मध्ये कुलचिन्हांचे नामांकित चित्रकार ओटो हुप्प यांनी फावड्याला आजचे रूप दिले आणि त्यावर 'जी' व 'एस' ही अक्षरे घातली. 'जी' गाब्रिएलचा, 'एस' झेडलमायरचा. पण फावडे श्पाटांचेच राहिले. झेडलमायरांनी जुने नाव पुसले नाही, यातच आम्हांला त्यांची खानदानी दिसते. नाहीतर नवा मालक पहिल्या दिवशी पाटी बदलतो.

आपल्याकडे १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतन गेले, आडनाव उरले. दप्तर कधी न पाहिलेली कुळकर्ण्यांची नातवंडे आज या सभागृहातही बसली असतील. श्पाटांचे याहून निराळे काय झाले? व्यवसाय परक्या हाती गेला, तरी नाव त्याच्या दारावर राहिले.

झेडलमायरांवरही तोच प्रसंग आला. १९९७ मध्ये श्पाटेन आणि लोव्हेनब्रॉय या मद्यशाळा एकत्र झाल्या. २००३ मध्ये त्या बेल्जियमच्या इंटरब्रू कंपनीला विकण्याचा करार झाला. बाटलीवर मात्र अजूनही श्पाटांचे फावडे आहे, आणि फावड्यावर गाब्रिएलची ती दोन अक्षरे.