धोटा आणि धागा



सोलापूरच्या पूर्वभागांतून कोणत्याहि प्रहरीं जा, मागाचा खटखटाट कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. हातमाग आतां थोडे उरले. त्यांची जागा बहुतेक यंत्रमागांनीं घेतली. तरी विणण्याचें मर्म तेंच आहे. उभा ताणा ताणून बसवावयाचा आणि त्यांतून आडवा बाणा घालीत जावयाचें. जुन्या धाटणीच्या मागावर हा बाणा घेऊन जो धांवतो तो धोटा. या काठापासून त्या काठापर्यंत तो केव्हां गेला हें डोळ्यांना कळतसुद्धां नाहीं. मनुष्याच्या अल्प आयुष्याला थोरांनीं अनेक उपमा दिल्या आहेत: दंवबिंदूची, बुडबुड्याची, उन्हानें करपणाऱ्या गवताची. ख्रिस्ती शास्त्रांत आणखी एक उपमा आहे, आणि ती आम्हां सोलापूरकरांना अगदीं घरची वाटावी. ती या धोट्याची.

तिच्याविषयीं आज बोलावयाचें ठरविलें, त्याला एका आईचा प्रश्न कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या पेठेंतील एका विणकराच्या घरीं मी समाचाराला गेलों होतों. त्यांचा धर्म निराळा, माझा निराळा. परंतु घरोबा जुना. एकोणीस वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापानें गेला होता. त्यानें विणावयास घेतलेली चादर मागावर तशीच अर्धवट होती. अशा प्रसंगीं माणसें जें बोलतात तेंच मीहि बोललों: देवाची इच्छा, आयुष्य क्षणभंगुर आहे. त्या माउलीनें मागाकडे बोट दाखविलें आणि ती म्हणाली, "तें आम्हांला ठाऊक आहे, गुरुजी. पण हें अर्धें राहिलेलें आतां कोणीं पुरें करावयाचें?" मला उत्तर सुचलें नाहीं. मी मान खालीं घालून परतलों.

पुढें विचार करतांना ध्यानांत आलें कीं, माझी पहिली चूक उत्तर न सुचण्याची नव्हती. उत्तर देण्याची घाई केली, ही होती. बेथानी गांवीं लाजर नांवाचा प्रभु येशूचा एक स्नेही मरण पावला, त्या वेळची गोष्ट शुभवर्तमानांत आहे. त्याला आपण उठविणार हें येशूला ठाऊक होतें. तरीसुद्धां मार्था व मरीया या बहिणींचा शोक पाहून तो आधीं रडला. मृत्यूवरचा जय सांगावयास जो आला, त्यानेंहि मृत्यूला क्षुल्लक म्हटलें नाहीं. मग आम्हीं कोण म्हणून म्हणावें?

धोट्याची उपमा प्रथम ज्याच्या मुखांतून निघाली तो ईयोबहि असाच पोळलेला होता. मुलेंबाळें गेलीं, धन गेलें, अंगभर फोड उठले. आपले दिवस धोट्याहून वेगानें पळत आहेत आणि आशेवांचून सरत आहेत, अशी त्याची तक्रार आहे. येथें मूळ इब्री भाषेंत एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे: तिक्वा. त्याचा अर्थ आशा. आणि त्याचाच दुसरा अर्थ धागा. धोट्यांतला धागा संपला कीं धोटा धांवून उपयोग काय? आशा संपलेल्या मनुष्याचे दिवस तसेच रिकामे धांवत असतात. हिज्कीया राजाला ऐन उमेदींत मरणाचें दुखणें आलें, तेव्हां त्यालाहि विणकरच आठवला. कापड गुंडाळून मागावरून कापून टाकावें तसें आपलें आयुष्य तोडलें जात आहे, असें तो म्हणाला. त्याला पंधरा वर्षें अधिक मिळालीं. पण तींहि सरलींच. आयुष्य वाढवून मिळणें हें मृत्यूवरचें अखेरचें उत्तर असूं शकत नाहीं.

मग उत्तर कोठें शोधावें? आपण धोट्याकडे पाहतों. विणकर कापडाकडे पाहतो. धोटा गेला तरी त्यानें मागें टाकलेला धागा फणीच्या ठोक्यानें ताण्यांत घट्ट बसतो. नव्वदाव्या स्तोत्रांत मनुष्याचें आयुष्य सत्तर, फार तर ऐंशीं वर्षांचें सांगितलें आहे, आणि लगेच देवाजवळ एक मागणें केलें आहे. तें दिवस वाढविण्याचें नसून दिवस मोजावयास शिकविण्याचें आहे. जो आपले दिवस मोजूं लागला, तो प्रत्येक दिवशीं कोणता धागा पडला हें पाहूं लागतो.

याच सोलापुरांत १० ऑक्टोबर १९१० रोजीं द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८ सालीं ते पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून युद्धग्रस्त चीनमध्यें गेले. तेथें डॉ. नॉर्मन बेथून यांचें नांव दिलेल्या रुग्णालयाची धुरा त्यांनीं सांभाळली. बेथून हे कॅनडांतील एका ख्रिस्ती पाळकाचे पुत्र. जखमी सैनिकांची सेवा करतां करतांच १९३९ सालीं रक्तदोषानें निवर्तले होते. कोटणीसहि ९ डिसेंबर १९४२ रोजीं गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु एकाच्या हातचें काम दुसऱ्यानें कसें उचलावें, हें त्यांच्यापासून ख्रिस्ती मनुष्यानेंहि शिकावें.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजांत तर याहून जवळचें उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरीं बालकवि ठोमरे पुत्राप्रमाणें राहिले होते. ५ मे १९१८ रोजीं भादली स्थानकाजवळ आगगाडीखालीं त्यांचा अंत झाला. अठ्ठावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनीं, ९ मे १९१९ रोजीं, स्वतः टिळक गेले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभींच्या थोड्या अध्यायांवरच थांबलें. तें हातीं घेतलें लक्ष्मीबाईंनीं. शाळेचें शिक्षण नाहीं, अक्षरओळख लग्नानंतरची. धर्मांतरामुळें पतीशीं कित्येक वर्षें ताटातूट सोसलेली. त्या बाईंनीं पुढें ६४ अध्यायांची भर घातली. त्यांचें 'स्मृतिचित्रें' घरोघर वाचलें जातें. पण या ६४ अध्यायांत केवढी निष्ठा आहे, याचा विचार फारसा होत नाहीं. पतीचा शोक त्यांनीं गिळून टाकला नाहीं. त्याचा धागा केला.

मागावरचा ताणा संपत आला म्हणजे विणकर काय करतो? जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडीत बसतो. काम किचकट, डोळे दुखविणारें. पण त्यावांचून माग पुढें चालत नाहीं. त्या आईला आज मी प्रथम कांहींच बोलणार नाहीं. तिच्याजवळ स्वस्थ बसेन. आणि तिनें पुन्हां विचारलेंच, तर इतकें सांगेन: अर्धें राहिलेलें पुरें करावयास देवानें आपणांस एकमेकांच्या शेजारीं ठेवलें आहे, आणि जें आम्हां कोणाच्याच हातून पुरें होणार नाहीं, तें त्याच्या हातून होईल. थडग्यांतून उठलेल्या ख्रिस्तावर आमचा विश्वास आहे तो याचसाठीं. कापून काढलेलें कापड विणकर टाकून देत नाहीं.

शेवटीं एक रोजच्या व्यवहाराची गोष्ट. दिवस मावळण्याशीं शास्त्रानें दोन आज्ञा जोडल्या आहेत. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वीं द्यावी, ही एक. आणि राग मनांत ठेवून सूर्य मावळूं देऊं नये, ही दुसरी. दोहोंचें कारण उघड आहे: उद्यांचा दिवस आपल्या मालकीचा नाहीं. कोणाचे पैसे द्यावयाचे राहिले असतील, भावाशीं अबोला असेल, एखादें पत्र लिहावयाचें राहिलें असेल, तर तें आज व्हावें. धोटा धांवतो आहे. त्यांत धागा आहे ना, एवढें आपण पाहावें.