उद्घाटनाला मासे नकोत

मित्रमैत्रिणींनो, आपली बॅच शाळेला दोन फुटी फिशटँक देतेय, म्हणून मला बोलायला उभं केलंय. माझी पात्रता एवढीच, की माझ्या पहिल्या टँकमधले दहाच्या दहा गोल्डफिश आठवड्यात मेले. आणि पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं!

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो, तो दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकायचं, बस्स. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की ५-६ गप्पी सोडा. गोल्डफिश नकोच, ते फार मोठे होतात आणि घाणही फार करतात.

तेव्हा बाई, उद्याच्या उद्घाटनाला नुसतं पाणी दिसेल. मुलं हिरमुसतील, पण त्यांना कारण सांगू.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. आणि शाळा सुटल्यावर मेन स्विच बंद करायची आपली जुनी पद्धत! शिपाईमामांशी बोललोय, फिल्टरची लाइन वेगळी काढून घेऊ.