श्वासाचे शिक्षण
(नांदगाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



प्राणायामाविषयी बोलावयाचे, तर प्रथम विहिरीविषयी बोलले पाहिजे. पाऊस बरा झाला व विहिरी भरल्या, की आपली मुले त्यांत सूर मारतात आणि तळाचा दगड कोण वर आणतो अशी पैज लावतात. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतल्यास छातीत पुष्कळ हवा साठते, अशी त्यांपैकी कित्येकांची समजूत असते. ही समजूत प्राणघातक आहे.

त्याचे कारण असे. श्वास घेण्याची तळमळ मुख्यतः प्राणवायू कमी पडल्याने होत नाही. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने होते. निरोगी मुलाच्या रक्तात प्राणवायू जवळजवळ पूर्ण भरलेलाच असतो. भराभर श्वासाने त्यात विशेष भर पडत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र उतरतो, तळमळ उशिरा होते, आणि तोवर पाण्याखालीच मुलाची शुद्ध हरपते. चांगला पोहणाराही असा बुडतो. शाळा उघडताच हे मुलांना समजावून सांगावे.

हवा साठविण्याची हीच कल्पना प्राणायामालाही चिकटली आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी तिला मान्यता दिली नाही. हे गृहस्थ आपल्या पेशाचे. शेजारच्या खानदेशात अमळनेर येथे त्यांनी शिक्षणाचे काम केले होते. १९२४ साली त्यांनी संस्था काढली व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रिया उपकरणांनी मोजून पाहाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू मिळण्यात नसून मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांचे मत होते. योगावर एवढी निष्ठा असून त्यांनी मोजमाप टाळले नाही, याचा मला विशेष आदर वाटतो.

संथ श्वासाचा शरीरास लाभ कसा होतो, हे फळ्यावर मांडता येईल. प्रौढ माणसाच्या साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा असते. पैकी सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. तिचा रक्ताला उपयोग नाही. मिनिटाला २५० मिलिलिटरचे २४ श्वास घेतले काय अथवा ५०० चे १२ घेतले काय, एकूण हवा सहा लिटरच. परंतु उपयोगी पडणारी हवा पहिल्या रीतीत २४०० मिलिलिटर, दुसरीत ४२००. वरच्या वर्गातील मुले हे गणित आनंदाने करतील.

मनासंबंधी म्हणाल, तर मनगटावर बोट ठेवून पाहावे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मुलांत हा फरक अधिक जाणवतो. तोंडी परीक्षेपूर्वी भेदरलेल्या मुलास ‘बाळ, श्वास सावकाश सोड’ असे सांगण्यास म्हणूनच अर्थ आहे.

आता अध्यात्म. पतंजलींच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा. अहिंसा व सत्य त्यापूर्वी येतात. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली अशी परंपरा आहे. ती विद्या गुरूने शिष्याची पारख करून द्यावयाची. साठ मुलांच्या वर्गाला ती देता येत नाही. श्वास हा सिंह वा हत्ती यांच्याप्रमाणे हळूहळू वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो, असे हठप्रदीपिकेतही बजावले आहे.

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी पाहुण्यांपुढे लहान मुलांकडून जलद कपालभाती करवून घेण्याची हौस आवरावी. मुलांना भोवळ येते, हातांना मुंग्या येतात. श्वास कोंडण्याची चढाओढ तर मुळीच नको.

प्रार्थनेनंतर मुलांना ताठ पण सैल बसवावे. नाकाने श्वास घेताना मनात तीनपर्यंत, सोडताना पाचपर्यंत मोजावे. असे सहा वेळा पुरे. ज्याला जमत नाही त्याने आपल्या चालीने श्वास घ्यावा. वर्ग नुकताच झाडला असेल तर धूळ खाली बसू द्यावी. सर्दी झालेल्या मुलास नुसते शांत बसू द्यावे; दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांस विचारून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.