आजीबाईशी भांडणारी आई



शाळेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून निमंत्रण आलं तेव्हा मी मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, अहो, मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई, दोन मुलांची आई. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, "आईपणाचंच बोला. समोर सगळे तेच घेऊन बसलेले असतात." तेव्हा आज तेच. लांबलं तर तिसऱ्या रांगेतल्या आजींनी घड्याळ दाखवावं.

मी खाडीपलीकडची. भाईंदरचा पूल ओलांडला की नायगाव, मग वसई, ते माझं माहेर. धर्माने आम्ही कॅथलिक, भाषेने मराठी. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, भांडणं तर मराठीतच होतात. लग्न होऊन मीरा रोडला आले आणि पूनम सागर कॉम्प्लेक्सची झाले. आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे, एक मल्याळी, एक रत्नागिरीकडचं. सण प्रत्येकाचे वेगळे. पण घरातलं धाकटं पोर तीन वर्षांचं झालं की लिफ्टमध्ये सगळ्यांचा विषय एकच, अ‍ॅडमिशन. स्टेट बोर्ड की सीबीएसई? आयसीएसई झेपेल का? बस किती वाजता येते? डोनेशन... तो शब्द मात्र लिफ्टचं दार बंद झाल्यावरच निघतो.

त्यात मी ख्रिस्ती, म्हणून माझ्या वाट्याला एक जादा प्रश्न येतो. "वहिनी, कॉन्व्हेंटमध्ये तुमच्या ओळखीने काही होईल का?" जणू सगळ्या कॉन्व्हेंटच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात! आणि तीच शेजारीण पुढच्या दमात हळूच विचारते, "पण तिथे प्रार्थना वगैरे करायला लावतात का हो?" मिशनच्या शाळेत मूल बिघडेल ही भीती आणि मिशनच्या शाळेतच मूल घडेल ही खात्री, दोन्ही एकाच आईच्या मनात शेजारीशेजारी राहतात. मी हसत नाही तिला. तिचा दुसरा प्रश्न अगदी योग्य आहे. तो विचारणारी या महाराष्ट्रातली सर्वांत धीट आई स्वतः ख्रिस्ती होती, आणि तिने तो विचारला तो नन्सना. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव पुस्तकात एका परिच्छेदात येतं. शारदा सदन, मुक्ती मिशन, केडगाव, संपलं. त्यांच्यातली आई त्या परिच्छेदात मावत नाही.

त्या स्वतः शाळेत गेल्याच नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. दिवसभर आईच्या मागे काम, म्हणून ती लेकीला भल्या पहाटे उठवून शिकवायची. रमाबाईंनीच हे लिहून ठेवलं आहे. पुढे दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. उरली ती मुलगी भावाबरोबर चालत राहिली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटलं. हिची शाळा म्हणजे आईचा पहाटेचा वेळ.

मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, १८८१ ची. दुसऱ्याच वर्षी नवरा कॉलऱ्याने गेला. रमाबाई पुण्यात आल्या. तिथे पंचहौदाच्या मिशनमधल्या सिस्टर्सशी ओळख झाली. (याच मिशनमध्ये पुढे १८९० साली टिळक-रानड्यांनी चहा घेतला आणि पुणं हादरलं. एका कप चहाने हादरणारं शहर, त्यात एक तरुण विधवा कडेवर मूल घेऊन विलायतेला निघते. विचार करा.) १८८३ मध्ये त्या इंग्लंडला, वॉन्टेजच्या मठात पोचल्या आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मग चेल्टनहॅमला डोरोथिया बील यांच्या कॉलेजात शिकणं आणि संस्कृत शिकवणं सुरू झालं. त्या काळात मनोरमा बऱ्याचदा वॉन्टेजला, सिस्टर जेराल्डीन यांच्या देखरेखीखाली असे. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणत, इतकं प्रेम होतं.

आणि याच आजीबाईशी त्या कडाकडा भांडल्या. भांडण होतं मुलीच्या धर्मशिक्षणावरून. सिस्टरना वाटे, मूल आमच्या छायेत आहे, आमच्या चर्चची सगळी तत्त्वं त्याच्या मनात लहानपणीच रुजवू. रमाबाईंचं म्हणणं, जे मला स्वतःला अजून पटलेलं नाही, ते माझ्या मुलीला पाठ करायला लावू नका. ती मोठी होईल, विचार करील आणि तिचं ती ठरवील. मुलीचं वय किती? तीन-चार वर्षं. म्हणजे आपल्या नर्सरीचं! बरं, ही बाई त्या घरात पाहुणी होती. खर्चासाठी, निवाऱ्यासाठी त्यांच्यावर अवलंबून. तरी त्यांनी शब्द गिळले नाहीत. खाण्यात शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिनमधला मजकूर का, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असंही विचारलं.

माझ्या आजीने कितीतरी वर्षं लॅटिनमध्ये मिस्सा ऐकली, एक अक्षर न कळता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या सुमारास, आपापल्या भाषेतल्या मिस्सा सुरू झाल्या आणि देव तिच्याशी मराठीत बोलू लागला. रमाबाईंनी हा प्रश्न त्याच्या ऐंशी वर्षं आधी विचारून ठेवला होता. आजीबाईशी हे भांडण ज्यांत झालं ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली आहेत. पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांना ती जरूर वाचायला द्या, असं माझं मत.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती लपवून गेले तर मी तुमच्याशी खरं बोलले नाही असं होईल. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह. ठरलं असं की कुणावर धर्म लादायचा नाही. रमाबाई आपली सकाळची प्रार्थना आपल्या खोलीत करत, दार मात्र उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात बोंब झाली, केसरीने झोडपलं. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, काही पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे काल जी आई शाळेला जाब विचारत होती, आज तिच्याच शाळेला पालक जाब विचारत होते.

मी रमाबाईंची बाजू घेते असं तुम्हाला वाटेल. मला वाटतं, त्या पालकांचाही हक्क होता. बारा-चौदा वर्षांची, डोकं भादरलेली, जगात दुसरा आसरा नसलेली मुलगी, आणि जिने तिला जवळ घेतलं ती बाई शेजारच्या खोलीत प्रार्थना करते. तिथे दार उघडं ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. पण त्याच सदनात गोदूबाई होती. ती शिकली, हिंदूच राहिली आणि १८९३ च्याच मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांचं पुढचं काम तुम्हाला ठाऊक आहे. त्या उघड्या दारावरून तीही जात-येत असणार.

आपल्या राज्यघटनेने हे भांडण कलम २८ मध्ये मिटवलं आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. तेव्हा लिफ्टमधल्या माझ्या शेजारणीने बेलाशक विचारावं. मिशनच्या शाळेतही आणि बाकी सगळ्या शाळांतही.

आता थोडं घरचं. आम्ही मुलांना चालत जाता येईल अशी शाळा निवडली. नातेवाइकांत नाराजी झाली. बोरिवलीच्या नावाजलेल्या शाळेत जागा मिळत होती, शिवाय ती 'आपली' होती. पण व्हॅनमध्ये जाऊन-येऊन दोन तास, त्यावर ट्यूशन. नवरा विरार लोकलमधून चेंगरून नऊला घरी येतो. मग मुलं आम्हाला भेटणार कधी? लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना निदान पहाट तरी मोकळी होती. आम्हाला मिळते ती रात्री नऊ ते दहा. आधी रोजरी, मग जेवण, मग दप्तर. ती वेळ मला बोर्डापेक्षा मोलाची वाटली.

त्या रोजरीवरूनच गेल्या वर्षी घरात वादळ झालं. थोरला नववीत. एका रात्री म्हणाला, "आई, मला आता प्रार्थनेला बसायचं नाही. मला पटत नाही." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही पोटात गोळा आला, नाही कशाला म्हणू? लेकराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याच्या वतीने मीच तर होकार दिला होता. दुसऱ्याच्या शाळेबद्दल रमाबाईंचे दाखले देणं सोपं असतं. आम्ही ठरवलं, बसू नकोस. पण त्या वेळात मोबाईल नाही, आणि जेवायला सगळ्यांबरोबर. आता तो गॅलरीत पुस्तक घेऊन बसतो. सासूबाई त्याच्या वाटणीची एक माळ जास्त म्हणतात. त्यावर त्याची हरकत नाही, असं त्याने कळवलं आहे.

मनोरमा पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परत आली आणि आईच्या कामात आयुष्य घातलं. धर्म तिने आईचाच ठेवला, पण तिला तो निवडायची उसंत मिळाली होती. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीत, ती गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या.

बाई, तुम्ही बोलवायची चूक केलीतच आहे, तर एक मागणी करते. आपल्या पालकसभेत शिक्षक बोलतात, पालक बोलतात, मूल घरी असतं किंवा कोपऱ्यात मान खाली घालून उभं असतं. सातवीपासून पुढच्या मुलांना त्या सभेत खुर्ची द्या आणि पहिली पाच मिनिटं त्यांना बोलू द्या. शाळेबद्दल आणि घराबद्दलही. पुढच्या सभेला माझा थोरला मी घेऊन येते. तो काय बोलेल याची मला धास्ती आहे, तरी आणते.